नऊ नंबरचा काळा

सिंगापूरचा शनिवार हा जगातला सगळ्यात लांब दिवस आहे. भूगोलाच्या पुस्तकात ही माहिती देत नाहीत, कारण पुस्तकं लिहिणारे लोक सहकुटुंब राहतात. विषुववृत्ताच्या उष्णतेमुळे असेल, पण तिथला शनिवार पुरीसारखा टम्म फुगतो. सकाळी उठावं, कपडे धुवावेत, बांबूवर घालून खिडकीबाहेर काढावेत, कडकडीत वाळवून आत घ्यावेत, इस्त्री करून घड्या घालाव्यात आणि घड्याळात बघावं, तर अजून नाश्त्याचीच वेळ. एकदा मी वेळ जावा म्हणून दोनदा दाढी केली. दुसऱ्या वेळी निघायला काही नव्हतं, म्हणून थोडा मीच निघालो.

ही दोन हजार सालानंतरच्या चार-पाच वर्षांतली गोष्ट. मी वुडलँड्सला एका चिनी म्हातारीच्या फ्लॅटमधली एक खोली भाड्याने घेऊन राहत होतो. ऑफिस हार्बरफ्रंटला, म्हणजे बेटाच्या पार दुसऱ्या टोकाला. लोक विचारायचे, एवढ्या लांब कशाला राहतोस? मी म्हणायचो, भाडं कमी आहे. ते खरंच होतं. पण रोज जाता-येता एमआरटीत माणसांच्या शेजारी बसायला मिळतं, हे मी कुणाला सांगत नव्हतो. घरमालकीण आँटीला इंग्रजी फक्त दोन शब्दांचं यायचं. ती विचारायची, "ईट ऑलरेडी?" मी म्हणायचो, "ईट ऑलरेडी." वर्षभर आमच्यात एवढाच संवाद चालू होता, आणि तो कधी भांडणावर आला नाही.

बायको पुण्यात बँकेत होती आणि मुलगी दहावीत. मराठी घरात 'दहावी आहे' म्हटलं की मावशीच्या मुलीचं लग्न पुढे जातं, टीव्हीवर चादर पडते, केबलवाल्याला हात जोडून निरोप दिला जातो, आणि नवरा परदेशात असेल तर तो तिथेच राहतो. ऑफिसातल्या लोकांना हे समजावताना माझ्या तोंडाला फेस आला.

"तुझी फॅमिली का येत नाही?"

"मुलीमुळे. टेन्थ."

"ओह. इज इट सिरियस?"

"व्हेरी."

त्यानंतर ऑफिसातली एक बाई बरेच दिवस माझ्याकडे बघून मान तिरकी करायची आणि हळू आवाजात विचारायची, "हाऊ इज युवर डॉटर?" मीही सुस्कारा टाकून सांगायचो, "अल्जेब्रा."

आमच्या ऑफिसात जहाजांची वेळापत्रकं बघणारा एक स्थानिक गृहस्थ होता. मी त्याला जीपवाला म्हणतो. गोल चेहरा, गोल पोट, आणि दर सोमवारी कानामागे वाळलेला चिखल. महिन्यातून एकदा हा आणि त्याचे मित्र चार जीपा घेऊन कॉजवेचा पूल ओलांडून मलेशियात जोहोरला जायचे, पामच्या मळ्यांमधल्या कच्च्या वाटांवर गाड्या घालायचे, त्या मुद्दाम चिखलात रुतवायच्या, मग दिवसभर खपून बाहेर काढायच्या, तंबूत झोपायचं आणि रविवारी परत यायचं. याला ते सुट्टी म्हणत. आमच्याकडे हीच सेवा एसटी तिकिटातच देते.

एक दिवस जेवायच्या सुट्टीत तो एका खड्ड्याचे फोटो दाखवत होता. खड्डा चांगला होता, पण सगळे इतके भारावून बघत होते की मला राहवेना. मी म्हणालो, "असल्या जागी आम्ही पोरांना सायकल शिकवतो."

"तू जीप चालवतोस?"

"राजगडाच्या बालेकिल्ल्यावर नेली होती," मी म्हणालो. "रिव्हर्समध्ये. पुढून चढ फार होता म्हणून."

ज्यांनी राजगडाचा बालेकिल्ला पाहिलाय त्यांच्यापुढे मी आत्ताच कान पकडतो. ज्यांनी पाहिला नाही त्यांनी एवढंच समजावं, की तिथे बकरीसुद्धा घरच्यांना विचारून चढते. माझ्याजवळ पुण्यात होती ती एक स्कूटर. तीही कुशीवर झोपवून उठवल्याशिवाय चालू होत नसे. पण त्या टेबलावर राजगड पाहिलेलं कुणी नव्हतं. जीपवाला माझ्याकडे बघतच राहिला. त्याच्या शेजारच्या सीटवर बसणारा जोडीदार जुळ्या मुलांचा बाप झाला होता आणि आता त्याला श्वास घ्यायला वेळ नव्हता. सीट रिकामी होती.

"तू ये," जीपवाला म्हणाला. "दर महिन्याला."

दर महिन्याचा एक शनिवार! आणि त्याला जोडून रविवार! मग आधीचा आठवडा तयारीत जाणार, नंतरचा गप्पांत. म्हणजे एका सीटमध्ये अख्खा महिना बसत होता.

"पण शूज प्रॉपर पाहिजेत, आह," तो म्हणाला. "मागे एक जण ऑफिसचे बूट घालून आला. नाउ ही डोन्ट कम."

तो पुढेही बरंच बोलला. शेजारी बसणाऱ्याला सारखं उतरून पुढे चालायला लागतं, चिखल किती खोल आहे ते बघायला. म्हणून तळाला पकड हवी. पाणी आत जाणारच, ते लगेच निघून गेलं पाहिजे. गाडी चालवायची वेळ आली तर तळव्याला पेडल कळलं पाहिजे. आणि बूट आधी थोडे दिवस वापरलेला हवा. हे सगळं त्याने सांगितलं, आणि माझ्या डोक्यात शिरला तो एकच शब्द. प्रॉपर. सीट जाणार की राहणार हे बुटावर आहे म्हटल्यावर मी असा बूट घ्यायचं ठरवलं की बघणाऱ्याने आधी नमस्कार करावा आणि मग माझ्या तोंडाकडे बघावं.

शुक्रवारी हा प्रकार बायकोला फोनवर सांगितला.

"चिखलात? अहो, गच्चीवरची टाकी धुवायला सांगितली तर तुमची कंबर धरते."

"तिथे जीप असते गं."

"बरं, जा. निदान माणसांत तरी जाल." मग सूचना सुरू झाल्या. "बूट मऊ घ्या. मोजे घालून बघा. एक नंबर मोठाच घ्या. नाहीतर दुकानदार म्हणतो तोच घेऊन याल. आणि उद्या नका घेऊ, उद्या शनिवार आहे."

शनिवारी पायताण विकत घ्यायचं नाही, हा आमच्याकडचा नियम. शनी घरात येतो म्हणे. मी म्हणणार होतो की इथे शनिवार येतो तो शनीला सोबत घेऊनच येतो, आणखी कितीसा येणार. पण बायकोने समुद्रापलीकडून सांगितलेलं मोडवत नाही. त्या शनिवारी मी बूट घेतले नाहीत. रविवारी जीपवाल्याने सांगितलेलं दुकान बंद. पुढचा आठवडाभर ऑफिसात रोज उशीर झाला. शेवटी बूट घ्यायला जमलं ते पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी, आणि निघायचं होतं शनिवारी पहाटे. शनीला टाळता टाळता मी त्याला बरोबर दारापर्यंत घेऊन आलो.

दुकान हौगांगला, एका ब्लॉकच्या, म्हणजे इमारतीच्या, खाली. कामगारांचे जाड बूट, हेल्मेटं, रबरी हातमोजे. दुकानदार अंकल अंगाने सुंभासारखा. त्याने माझ्याकडे बघितलं आणि त्याचे डोळे चमकले. बढाईखोराला बढाईखोर लांबून ओळखू येतो.

"जंगल?" त्याने विचारलं.

"जंगल, डोंगर, दरी," मी म्हणालो.

त्याने आतून एक काळा जोड आणला आणि काउंटरवर ठेवला. काउंटर दबल्याचं मी स्वतः पाहिलं. घोट्याच्या वर जाणारा, चवड्याला लोखंडी वाटी, आणि चामडं असं की ज्या म्हशीचं होतं ती बहुतेक अजून रागावलेली असावी.

"याच्यावरून लॉरी गेली," अंकल म्हणाला. "लॉरी पंक्चर."

"आमच्याकडे रणगाडा गेला होता," मी म्हणालो. "परत आलाच नाही."

अंकलने मान डोलवली. त्याला दुःख झालं, पण कौतुकही वाटलं. मग आम्ही दोघं बराच वेळ बोलत उभे राहिलो. त्याने बूट घालून खाणीत उडी मारणारा माणूस सांगितला, मी बूट काढायला विसरून सात पिढ्या तो वापरणारं घराणं सांगितलं. खरं सांगायचं तर त्या आठवड्यात माझ्याशी एवढं कुणी बोललं नव्हतं. बूट घालून पाहिला तेव्हा चवडा आवळत होता आणि टाचेपाशी काहीतरी टोकदार घर करून बसलं होतं. नऊ नंबर. दहा आहे का विचारलं. नव्हता. "लेदर, लाह. विल ओपन." चामडं आहे, सैल होईल. हे वाक्य जगातल्या प्रत्येक भाषेतल्या दुकानदाराला येतं, आणि ते ऐकून प्रत्येक भाषेतलं गिऱ्हाईक मान हलवतं.

दारात काळ्या रबरी बुटांची माळ टांगली होती, कांद्याच्या माळेसारखी. एका साच्यातून ओतलेले, हलके, तळाला पकडीसाठी गोटे.

"हे काय?"

"रबराच्या मळ्यातल्या मजुरांचे. तुम्हाला नाही, बॉस," अंकल म्हणाला. मीही मनात म्हटलं, आपल्याला नाही.

घरी येऊन बुटाला तेल चोळलं. आमच्या वडिलांच्या कोल्हापुरी वहाणा एरंडेल पाजून पाजून मऊ व्हायच्या, हे लक्षात होतं. एरंडेल कुठलं मिळायला? लिटल इंडियातून आणलेली खोबरेलाची बाटली होती, ती अख्खी जिरवली. तेल बूट प्यायला, पण नरम आला नाही. आमच्या काकांसारखं झालं.

पहाटे जीप माझ्या ब्लॉकखाली आली. जीपवाला खाली उतरला, बुटांकडे बघितलं आणि एक शिट्टी घातली. "आर्मी?"

"पहाडी तुकडी," मी म्हणालो.

गाडी सुरू झाल्यावर तो दोन-तीनदा हवा हुंगून म्हणाला, "स्वयंपाक कोण करतंय?" खोबरेलाचा वास कॉजवेवर इमिग्रेशनच्या खिडकीतही शिरला असावा, कारण शिक्का मारणाऱ्या माणसाने पासपोर्टही हुंगला.

जोहोरच्या मळ्यात बाकीच्या जीपा भेटल्या. त्यांत एक नर्सबाई होती आणि तिचा नवरा. बाई बोलायला कडक, पण आल्या आल्या तिने मला डब्यातून उकडलेलं अंडं दिलं. मग मी सगळ्यांच्या पायांकडे बघितलं. सगळ्यांच्या पायात तेच, कांद्याच्या माळेतले रबरी बूट. जीपवाल्याच्या, नर्सबाईच्या, सगळ्यांच्या. आणि सगळे आदराने माझ्या बुटांकडे बघत होते. त्या आदराचं वजन पायात घेऊन मी दिवसभर चाललो.

दुपारी जीपवाल्याने चाक माझ्या हातात दिलं. "राजगड मॅन, आता तू."

मी बसलो. पुण्यात एका मित्राच्या गाडीवर शिकून लायसन्स काढलं होतं, तेवढं गाडीचं ज्ञान होतं. पण त्या बुटातून पाय कुठे आहे हेच कळेना. पेडल सापडलं म्हणून दाबलं, तर बुटाच्या रुंदीखाली ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्ही आले. जीपने आधी मान खाली घातली, मग उसळी मारली आणि एका पामच्या झाडाला हलकेच जाऊन टेकली, जशी माहेरी आलेली मुलगी आईला टेकते.

"राजगडावर पेडलं लांब लांब असतात," मी म्हणालो.

जीपवाला इतका हसला की त्याला खाली उतरावं लागलं. सीट शाबूत होती.

संध्याकाळी तंबू लागले. नूडल्स शिजल्या. मी बोलत सुटलो. सिंहगडाच्या घाटात वाघाला लिफ्ट दिलेली सांगितली, मुठेच्या पुरात पातेल्यात बसून ऑफिस गाठलेलं सांगितलं. सगळे हसत होते, नर्सबाई सुद्धा. असं वाटलं की इतके दिवस घशात अडकलेलं सगळं एकदम बाहेर येतंय. मग अंधार पडायच्या सुमाराला एकेक जण फोन घेऊन बाजूला गेला. कुणी मुलांना शुभ रात्री म्हणत होता, कुणी बायकोला मीठ किती घातलं ते सांगत होता. तिथून भारताला फोन लागत नव्हता. मी आपला उगीच तंबूच्या दोऱ्या ओढून बघत राहिलो.

टाच तोवर पेटली होती. सगळ्यांनी बूट काढून उलटे टांगले होते, पाणी निथळायला. मी काढले नाहीत. एकदा काढले की पुन्हा पाय आत जाणार नाही, हे मला कळत होतं. मग सकाळी मी चालणार कसा? आणि जो चालू शकत नाही त्याला त्या सीटवर कोण बसवणार? बुटासकट झोपलो. जीपवाल्याने विचारलं तेव्हा म्हणालो, "पहाडी तुकडीत असंच असतं. कधी बोलावणं येईल सांगता येत नाही."

रविवारी सकाळी चिखलाची एक लांब पट्टी लागली. मला वॉकीटॉकी देऊन पुढे पाठवलं. वळणापलीकडे गवत कमरेएवढं. बुटात रात्रीपासून पाणी होतं. एक पाऊल टाकलं आणि टाचेत असं काही घुसलं की डोळ्यांपुढे काजवे नाही, अख्खी दिवाळी आली. मी खाली बसलो आणि वॉकीटॉकीचं बटण दाबलं.

आता मराठीत बूट चावतो. चप्पल चावते. नवी असेल तर हमखास चावते. यात काही विशेष आहे असं आपल्याला वाटतसुद्धा नाही. आणि पाय म्हणजे टाचेपासून मांडीपर्यंत सगळा पायच. मी माझ्या मनातलं सरळ इंग्रजीत घातलं आणि पाठवून दिलं.

"स्टॉप, स्टॉप. इट्स बायटिंग. व्हेरी बॅड बायटिंग. माय लेग."

खर्रर्र. "बाइट? व्हॉट बाइट?" जीपवाल्याचा आवाज, मागे इंजिनाची घरघर. मी "शू, शू" म्हणालो ते त्या घरघरीत गेलं. "व्हॉट कलर?" तो ओरडला.

रंग कशाला हवा, मला कळेना. पण विचारलंय तर सांगावं. "ब्लॅक!"

"हाऊ बिग?"

"नाइन!"

"नाइन फीट?"

"येस, येस, फीट! बोथ फीट!"

पलीकडे इंजिन बंद झालं. मग अगदी हळू, अगदी मायेने आवाज आला, "डोन्ट मूव्ह. वी कम."

मला भरून आलं. काय माणसं आहेत ही! एवढ्याशा बूट चावण्यासाठी सगळे येतायत.

आले ते धावत आले. पुढे जीपवाला, हातात कोयता. मागे नर्सबाई, पिशवी घेऊन. तिच्यामागे आणखी चौघं, काठ्या आपटत. मी पायाकडे बोट दाखवून जीव तोडून ओरडलो, "शू! शू!" ते ऐकून काठ्यावाले आणखी जोरात गवत झोडपायला लागले. त्यांना वाटलं, मी त्याला हाकलतोय.

आयुष्यात मी असंख्य थापा मारल्या आणि लोकांनी त्या मुकाट गिळल्या. त्या दिवशी मी एक अक्षर खोटं बोललो नव्हतो, आणि त्यातून नऊ फुटांचा काळा नाग उभा राहिला. एवढा मोठा माझ्याच्याने मुद्दाम झाला नसता.

नर्सबाईने बुटासकट पाय पट्टीने करकचून बांधला. "बूट काढायचा नाही, पाय हलवायचा नाही!" मी म्हणालो, "मॅडम, इट इज ओन्ली द शू." ती म्हणाली, "येस, येस, शू. रिलॅक्स," आणि नवऱ्याला डोळ्यांनी खूण केली, विष डोक्यात गेलंय म्हणून. तंबू, भांडी, सगळं तिथेच टाकलं. मला जीपच्या मागच्या भागात आडवा घातला, नर्सबाईच्या नवऱ्याने गाडी सोडली, आणि जीपवाला माझं डोकं मांडीवर घेऊन बसला. त्याने माझा हात धरला.

"टॉक," तो म्हणाला. "डोन्ट स्लीप. एनिथिंग. जस्ट टॉक."

जन्मभर मला लोकांनी गप बसायला सांगितलं. पहिल्यांदाच कुणीतरी बोल म्हणत होतं, आणि माझ्या तोंडून काही निघेना. मी पुन्हा एकदा बुटाचं सांगून पाहिलं. त्याने मान हलवली, हात आणखी घट्ट धरला. त्याचा तळवा घामाने ओला होता. विमानतळावर मुलीने धरला होता, त्यानंतर माझा हात कुणी धरलेला मला आठवत नव्हता. मग मी बुटाचं सांगायचं सोडून दिलं आणि मराठीत बोलायला लागलो. मला जीप येत नाही. स्कूटर तिरकी करावी लागते. आँटी विचारते जेवलास का, आणि मी न जेवता हो म्हणतो. शनिवारी मी दोनदा दाढी करतो. त्याला एक शब्द कळत नव्हता. तो दर वाक्याला म्हणत होता, "गुड. गुड. कीप गोइंग."

मळ्याचा दवाखाना म्हणजे पत्र्याची एक खोली. तिथला कंपाउंडर तमिळ होता. त्याने पट्टी सोडली, बुटाची नाडी कापली आणि दोन्ही हातांनी बूट ओढून काढला. टाचेवर फोड. हाफ फ्राय अंड्याएवढा, मधोमध पिवळा. त्याने पाय उलटासुलटा करून पाहिला, मग बूट उचलून हुंगला.

"कुठे चावलाय?"

"तिथेच," मी म्हणालो. "बूट."

त्याने तमिळमध्ये काहीतरी म्हटलं आणि खो खो हसत सुटला. "शू बाइट! आमच्यात पण चावते, सार! चप्पल पण चावते!" तो सगळ्यांकडे आशेने बघत होता, पण बाकी कुणी हसत नव्हतं. सगळ्यांच्या अंगावर गवताचे ओरखडे. नर्सबाईच्या एका पायात बूट नव्हता, धावताना चिखलात राहिला होता. ती माझ्या टाचेवर वाकली आणि म्हणाली, "मी हे चिकटपट्टीने बरं केलं असतं." मग बाहेर जाऊन जीपच्या पायरीवर बसली.

परतताना जीपवाला कॉजवेपर्यंत नुसता रस्त्याकडे बघत गाडी चालवत होता. मी दोन विनोद करून पाहिले. रस्त्यावर पडून ते तिथेच राहिले. पुलावरच्या रांगेत गाडी थांबली तेव्हा तो म्हणाला, "तुला माहितेय मी काय विचार करत होतो?"

"काय?"

"हा मेला तर सांगायचं कुणाला? इतके दिवस एका ऑफिसात, रोज लंच. मला तुझ्या बायकोचा नंबर माहीत नाही. घर माहीत नाही. काहीच माहीत नाही. ओन्ली राजगड."

त्याने मोबाइल काढला. "सांग." मी बायकोचा नंबर सांगितला, त्याने एकेक आकडा दाबला आणि परत वाचून दाखवला. मग माझ्या ब्लॉकखाली मला उतरवताना खिडकीतूनच म्हणाला, "नेक्स्ट मन्थ माझा जुना पार्टनर येतोय. बेबीज ओके नाउ."

जुळी मुलं इतक्या लवकर मोठी होत नाहीत, एवढं मलाही कळतं. पण मी म्हणालो, "अरे वा, छान झालं," आणि एक बूट पायात, एक हातात घेऊन लिफ्टकडे गेलो.

टाच चिघळली. सोमवारी-मंगळवारी मी ऑफिसला गेलो नाही. मोबाइल चार्ज करायचं भान नव्हतं, आणि करून तरी कुणाचा फोन येणार होता? मंगळवारी दुपारी आँटीने दार वाजवलं आणि हॉलमधल्या फोनकडे बोट दाखवलं. पलीकडे बायको.

"अहो! अहो, तुम्ही बोलताय ना? बरे आहात ना?"

"का गं? काय झालं?"

"मला विचारता काय झालं? बँकेत असताना त्या तुमच्या माणसाचा फोन आला. काय ते इंग्रजी, निम्म्याला लाह आणि निम्म्याला आह! ऑफिसला आला नाही म्हणाला, फोन बंद आहे म्हणाला. स्नेक म्हणाला, मग नो स्नेक म्हणाला, मग हॉस्पिटल, मग शू म्हणाला. मी काउंटर सोडून उठले. अहो, तुम्हाला साप चावला आणि तुम्ही मला सांगत नाही?"

तिचा आवाज थरथरत होता. आमच्या लग्नाला सोळा वर्षं झाली होती आणि हा आवाज मी फार तर दोनदा ऐकला होता.

"मी येते," ती म्हणाली. "रजा सांगून टाकलीये. आई राहील हिच्याजवळ. पूर्वपरीक्षा आहे पुढच्या आठवड्यात, असू दे. एवढी वर्षं परीक्षाच चालल्यात. तिकिटाचं बघायला भाऊ गेलाय. आठ दिवस तरी राहीन."

मी हॉलमध्ये एका पायावर उभा होतो. आठ दिवस! म्हणजे एक शनिवार नक्की, आणि विमान बरोबर साधलं तर दोन. तिला बांबूवर कपडे घालायला शिकवता आले असते. संध्याकाळी खाली हॉकरच्या खाणावळीत जाऊन दोन ताटं मागता आली असती. आणि यासाठी मला खोटं बोलायचीसुद्धा गरज नव्हती. नुसतं 'हं' म्हणायचं. किंवा काहीच न बोलता जरा कण्हायचं. नाग तयार होता, नऊ फुटांचा, काळा. तो मी केलेला नव्हता. त्याने आपण होऊन तिला विमानात बसवलं होतं.

तिच्या मागे मुलगी कसलंतरी सूत्र घोकत होती, एकसुरी, मोठ्याने. आई घाबरली की ती मोठ्याने वाचते.

"अगं, साप नव्हता," मी म्हणालो. "बूट चावला."

"काय?"

"नवा बूट. टाचेला. फोड आलाय."

मग म्हणाली, "खरं सांगताय?"

"खरं."

"माझी शपथ?"

"तुझी शपथ."

"नंबर मोठा घेतला नव्हतात ना? मी सांगितलं होतं."

"नव्हता दुकानात."

आणि मग ती हसली. आधी नाकातून, मग सगळी हसली, आणि हसता हसता रडली असावी, कारण मध्येच तिने फोन दूर धरला. भावाला हाक मारून तिकिटाचं राहू दे म्हणून सांगितलेलं मला ऐकू आलं. "अहो, काय तरी बाई तुम्ही! मी सत्यनारायण बोलले होते." हळद लावा म्हणाली, पाय उशीवर ठेवा म्हणाली. मी हो हो म्हणत होतो. मग ती म्हणाली, बँकेतून तशीच उठून आलेय, आता परत जाते, आणि फोन मुलीच्या हातात दिला.

"बाबा, खरंच साप नव्हता?"

"नव्हता गं."

"छोटासा पण नव्हता? पाण्यातला वगैरे?"

"नाही."

"शी, बाबा," ती म्हणाली. पण फोन ठेवला नाही. तिच्या श्वासाचा आवाज येत होता. मग म्हणाली, "ठेवू? बीजगणित राहिलंय," आणि ठेवला.